‘बुद्धाने रडायला शिकवलं’ म्हणणाऱ्यांसाठी

आडवाट :
गेले काही दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, मला वेगवेगळ्या ग्रुपांतून आली. थोडक्यात ती अशी: बुद्धाचं सगळं सांगणं म्हणजे जगणं हेच दुःख, दुःखाचं मूळ इच्छा, म्हणून इच्छा मारा आणि डोळे मिटून बसा, आणि असल्या शिकवणीने माणूस मेंगळट होतो, समाज दुबळा होतो. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग. लिहिणाऱ्याने बुद्धाच्या चार आर्यसत्यांपैकी पहिल्या सत्यापुढे पान उलटलेलं नाही हे स्पष्ट दिसतं आणि मला त्याचाच राग आलाय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सत्यं चार आहेत. सारनाथला पाच जणांसमोर जे पहिलं प्रवचन झालं त्यात ती नुसती सांगून सोडलेली नाहीत, प्रत्येकाला एकेक काम जोडलंय. दुःख नीट ओळखायचं. त्याचं कारण सोडायचं. ते थांबू शकतं हे स्वतः अनुभवायचं. आणि मार्गावर चालायचं. यात रडत बसायचं काम कुठल्या ओळीत आहे ते दाखवा. जन्म, म्हातारपण, आजार, मरण, नकोसं वाट्याला येणं, हवंसं दुरावणं ही यादी काय बुद्धाने तयार केली का हो? ती प्रत्येकाच्या घरात आहे. त्याने एवढंच म्हटलं की नजर चोरू नका, यावर काहीतरी करता येतं.

आणि त्या प्रवचनाची सुरुवात दुःखाने होतच नाही. सुरुवात होते ती दोन टोकं टाळा इथून, एक म्हणजे चैनीत लोळणं आणि दुसरं देहाला छळणं. ज्याने स्वतः उपास करकरून बरगड्या मोजता येतील अशी अवस्था करून घेतली आणि मग ते निरर्थक म्हणून सोडून दिलं, त्यालाच तुम्ही आत्मक्लेशाचा प्रचारक ठरवताय.

आता ‘इच्छा मारा’. उण्णाभ नावाच्या ब्राह्मणाने बुद्धाचा शिष्य आनंद याला हेच विचारलं होतं की इच्छेनेच इच्छा सोडायची तर हे कधी संपणारच नाही. आनंदने उलट विचारलं, या उपवनात यायची तुला इच्छा होती ना, त्यासाठी खटपटही केलीस, मग पोचल्यावर तिचं काय झालं? शमली. म्हणजे मार्गाला लागणारी इच्छा, प्रयत्न, विचार हे सगळं तिथे गृहीतच आहे. अष्टांग मार्गात सम्यक व्यायाम म्हणजे प्रयत्न हे एक अख्खं अंग आहे. मेंगळट माणसाला ते कशाला लागेल?

शेवटचं म्हणजे संसारी माणसाला काय सांगितलं. कोळिय कुळातला दीघजाणू नावाचा माणूस येऊन सरळ म्हणतो, आम्ही बायकापोरांत राहणारे, चंदन-फुलं वापरणारे, सोनंनाणं हाताळणारे, आम्हाला या जन्मातलं काहीतरी सांगा. त्याला बुद्ध म्हणत नाही की सोड सगळं. चार गोष्टी सांगतो: कामात कसब आणि मेहनत, मिळवलेलं सांभाळणं, चांगली संगत, आणि उत्पन्न बघून खर्च. सिगाल नावाच्या तरुणाला तर मिळकतीचे चार वाटे करायला सांगितलेत, एक खायला-प्यायला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीला राखून. हा दुःखवाद असेल तर मग आशावाद कशाला म्हणतात ते एकदा सांगाच.

शंकेखोर :
दीघजाणूचं चांगलं सांगितलंत, तेवढं मान्य. पण तुम्हीही पान अर्धंच वाचून दाखवताय. दुसऱ्या सत्याचं वाक्य पूर्ण वाचा. तिथे नुसती तृष्णा नाही, ‘पुनर्भवाकडे नेणारी’ तृष्णा आहे. म्हणजे रोग कोणता? पुन्हा पुन्हा जन्म. उपाय कशावर? त्या जन्मांच्या फेऱ्यावर. मी पुनर्जन्म मानत नाही. मग मला तो रोगच नाही, मेलो की प्रश्न संपला, फुकटात निर्वाण. आता यावर बोला. आणि दुसरं, आत्मा नाही म्हणता, मग जन्म घेतो कोण? हा प्रश्न मी ज्याला ज्याला विचारला त्याने दिव्यावरून दिवा लागतो पण एकातलं काही दुसऱ्यात जात नाही, असं सांगितलं आणि विषय बदलला.

उपनिषदप्रेमी :
शंकेखोर, योग्य मुद्द्यावर बोट ठेवलंत. कर्म आहे, फळ आहे, जन्म आहे आणि भोगणारा मात्र नाही, हे चालणारच नाही. म्हणून तर वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे भटक्या संन्याशाने, आत्मा आहे का असं विचारलं तेव्हा बुद्ध गप्प राहिले आणि नाही का असं विचारलं तेव्हाही गप्पच राहिले. नाकारायचा असता तर नाही म्हणायला काय अडचण होती? बुद्धाने नाकारला तो अहंकार. आत्म्याला त्यांनी हात लावलेला नाही. हे सगळं मुळात उपनिषदांचंच आहे.

निळी_पहाट :
आलं! कुठलाही धागा काढा, दहाव्या मिनिटाला कुणीतरी येऊन बुद्धाला आपल्या खिशात घालतो. आधी अवतार करून झालं, आता उपनिषदं. बाबासाहेबांनी दीक्षेच्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही असं उगाच घातलेलं नाही. आणि वच्छगोत्त निघून गेल्यावर बुद्धाने आनंदला गप्प राहण्याचं कारण सांगितलंय तेही लिहा की इथे. आहे म्हटलं असतं तर शाश्वतवाद्यांच्या, म्हणजे आत्मा कायमचा मानणाऱ्यांच्या, बाजूने गेल्यासारखं झालं असतं आणि ‘सर्व धर्म अनात्म’, म्हणजे कुठल्याच गोष्टीत आत्मा नाही, या ज्ञानाशी ते जुळलं नसतं. नाही म्हटलं असतं तर आधीच गोंधळलेला तो माणूस आणखी गोंधळला असता, आधी माझा आत्मा होता तो आता गेला असं त्याला वाटलं असतं. ही पुढची ओळ तुमच्या पुस्तकात छापायची राहिली का?

आता आडवाट दादा, तुमच्याशी. तुमचा राग कळतो. पण दुःखवादाचा आरोप काल-परवाच्या पोस्टीतून आलेला नाही, बाबासाहेबांनी हा प्रश्न स्वतःच समोर ठेवला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली, ६ डिसेंबरला ते गेले आणि १९५७ मध्ये त्यांचा बुद्ध-धम्मावरचा ग्रंथ निघाला. त्याच्या सुरुवातीलाच ते विचारतात की चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली की मागून भिक्खूंनी घातलेली, कारण जन्मही दुःख आणि मरणही दुःख असंच सांगायचं असेल तर माणसाला आशा उरत नाही. तिथेच पुढे ते कर्म आणि पुनर्जन्मावर बोट ठेवतात, आत्मा नाही तर पुनर्जन्म कसा, म्हणजे शंकेखोर यांचाच प्रश्न. तेव्हा हे सगळं सरळसोट आहे, फक्त लोकांनी पान उलटलेलं नाही, असं नका सांगू. पान उलटूनही प्रश्न राहतात.

आडवाट :
निळी_पहाट, तो प्रश्न रास्त आहे, बाबासाहेबांनी विचारला म्हणून आणखीच गंभीरपणे घ्यायला हवा. पण मला वाटतं त्याचं उत्तर त्या चार कामांमध्ये आहे. दुःख सांगून थांबला असता तर निराशा झाली असती, तो थांबलेला नाही. निम्मी सत्यं दुःख संपण्याबद्दल आहेत.

शंकेखोर, जन्म कोण घेतो? साती नावाचा एक भिक्खू होता, कोळ्याचा मुलगा. तो सांगत सुटला की हेच विज्ञान, हीच जाणीव एका जन्मातून दुसऱ्यात जाते. बुद्धाने त्याला बोलावून सगळ्यांसमोर झापलंय, की मी असं कधी कुणाला शिकवलं? जाणीव कारणांवाचून उद्भवत नाही असं मी कितीतरी प्रकारे सांगितलंय. म्हणजे ‘कोण’ असा प्रवासी तिथे नाहीच, कारणांची साखळी आहे. मिलिंद राजाने भिक्खू नागसेनाला छेडलं तेव्हा त्याने आंब्याचा दाखला दिला: चोर म्हणाला की मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, तर तो सुटेल का? सुटणार नाही, कारण हे त्यांच्यामुळेच आले.

शंकेखोर :
दिव्याऐवजी आंबा झाला. अहो, आंब्याचं झाड तिथे उभं असतं! कोय रुजली, रोप झालं, झाड झालं, सगळं सलग, कुणालाही बघता येतं. मेलेला माणूस आणि दुसऱ्या घरात जन्मलेलं बाळ यांच्यामध्ये सलग काय आहे ते दाखवा. आणि आता ‘बाण लागलेल्या माणसाने बाण कुणी मारला हे विचारत बसू नये’ हे सांगू नका, कारण मालुंक्यपुत्त या भिक्खूला बुद्धाने ज्यांची उत्तरं दिली नाहीत त्या प्रश्नांच्या यादीत जग शाश्वत की अशाश्वत आहे, जीव आणि शरीर एक की वेगळे आहे, तथागत, म्हणजे बुद्ध, मरणानंतर असतो की नाही हे आहे, पण सामान्य माणसाचा पुनर्जन्म होतो की नाही हा प्रश्न त्यात नाही. तो बुद्धाने टाळलेला नाही, जागोजागी होकारच दिलाय.

उपनिषदप्रेमी :
आणि ते सलग काहीतरी म्हणजेच आत्मा. फिरून तिथेच आलात.

निळी_पहाट :
किंवा सलग काही नाही म्हणून पुनर्जन्मच नाही. फिरून तिथेच येता येतं, दिशा आपापली.

कारकून :
तुमचं जन्मापलीकडचं चालू द्या पण मी ह्या जन्मातलं बोलतो. आमचे साहेब ध्यान करतात, शिबिरं करून आलेत, सकाळी मीटिंग सुरू करायच्या आधी सगळ्यांना डोळे मिटून श्वास बघायला लावतात, आणि त्याच मीटिंगमध्ये ज्याची आई दवाखान्यात आहे त्याची रजा नाकारतात आणि वर सांगतात की हे अनित्य आहे, हेही जाईल, मनाची समता ठेव. मी स्वतः तिथे बसलो होतो. तो पोरगा टेबलाखाली मोबाईलवर बहिणीचे मेसेज वाचत होता आणि आम्ही श्वास बघत होतो. तेव्हापासून मला ‘समता’ ऐकलं की डोकं उठतं. तुमचा तो धम्म माणसाला दगड करतो असं कुणी म्हटलं तर मी त्याला खोटं नाही पाडणार.

आडवाट :
कारकून, साहेबाने आठांपैकी एक अंग उचललं आणि बाकीची सात टाकली, त्याला मार्ग म्हणू नका. मी वर सिगालचं नाव घेतलं ना, त्याच सुत्तात, म्हणजे प्रवचनात, मालकाने कामगाराशी कसं वागायचं त्याच्या पाच गोष्टी आहेत. ताकद बघून काम देणं, जेवण आणि वेतन देणं, आजारपणात काळजी घेणं, घरात काही गोडधोड झालं तर वाटून खाणं आणि वेळच्या वेळी सुट्टी देणं. सुट्टी! शब्दशः लिहिलंय. तुमच्या साहेबांना श्वास बघण्याआधी हे वाचायला द्या.

कारकून :
देतो. म्हणजे मग माझीच सुट्टी होईल. पण हे लिहिलेलं आहे हे खरंच माहीत नव्हतं, शिबिरवाल्यांपैकी कुणी कधी सांगत नाही हे.

रातराणी :
बरेच दिवस नुसतं वाचते, आज लिहिते. पुनर्जन्माची चर्चा तुम्हा लोकांना आंबे आणि दिवे यांची वाटते. माझा मुलगा चालत नाही. जन्माच्या वेळी गुंतागुंत झाली, ऑपरेशनचा निर्णय उशिरा झाला, बाळ रडलंच नाही, पुढचं सगळं त्यातून आलं. एकदा एका प्रवचनाला गेले होते, बौद्धच होते सांगणारे, कोण ते लिहीत नाही. मुलाला चटईवर बसवून मी त्याच्या पायाचे पट्टे घट्ट करत होते, वेल्क्रो जुना झालाय, सारखा सुटतो. ते जवळ आले, डोक्यावर हात ठेवला आणि मायेने, अगदी मायेने म्हणाले, ताई, पूर्वजन्मी कुणाचे तरी पाय मोडले असतील याने, सहन करा म्हणजे फिटेल. माझी सासू हेच म्हणत होती, फक्त तिचा देव वेगळा होता. ते घर सोडून, दीक्षा घेऊन मी इकडे आले ते हे परत ऐकायला? मी त्या दिवशी पोराला उचललं आणि निघाले. आडवाट, तुम्ही मला सांगा, हे बुद्धाचं आहे की नाही? हो किंवा नाही सांगा.

आडवाट :
ताई, नाही. आणि नुसतं माझं मत म्हणून नाही म्हणत. मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला अगदी हेच विचारतो, की काही लोक म्हणतात माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, तुमचं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं सांगतो. पित्त, कफ, वात, तिन्हींचं एकत्र बिघडणं, ऋतूतला बदल, नीट काळजी न घेतली जाणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्म. आणि म्हणतो, हे तर तुम्हाला स्वतःला कळतं, जगही मानतं, म्हणून सगळं पूर्वकर्मामुळेच म्हणणारे स्वतःला जे कळतं त्याच्याही पुढे धावतात, त्यांचं म्हणणं चूक आहे. सहावं आणि सातवं कारण पुन्हा वाचा ताई. तुमच्या बाबतीत जे झालं ते तिथे नावानिशी आहे.

आणखी एका ठिकाणी तो म्हणतो की सगळं पूर्वकर्माने होतं असं धरलं तर माणूस खून करतो तोही पूर्वकर्मानेच, मग हे करावं आणि हे करू नये याला अर्थच उरत नाही. अतिसार झालेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, बाकीचे त्याच्याकडे बघत नव्हते, तेव्हा बुद्धाने आणि आनंदने मिळून त्याला उचलून, धुऊन नीट निजवलं. तू मागच्या जन्मी काय केलंस असं विचारलं नाही. विचारलं ते बाकीच्यांना, की तुम्ही का नाही बघितलं, आणि म्हणाला की ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी.

शंकेखोर :
रातराणी, त्या प्रवचनकाराने जे केलं ते क्रूर होतं, मायेने केलं म्हणून कमी क्रूर नाही. पण आडवाट, तुम्ही ताईंना पूर्ण सत्य सांगत नाही आहात, आणि त्यांना ते सांगायला हवं कारण त्यांनी हो किंवा नाही विचारलं. मज्झिम निकायात, म्हणजे सुत्तांच्या एका संग्रहात, शुभ नावाचा ब्राह्मण तरुण विचारतो की माणसांमध्ये कुणी अल्पायुषी, कुणी रोगी, कुणी कुरूप, कुणी गरीब, कुणी हलक्या कुळातला असं का दिसतं. बुद्धाचं उत्तर काय? जो प्राण्यांना इजा करतो तो पुढच्या जन्मी रोगी होतो. जो दान देत नाही तो गरीब होतो. जो गर्विष्ठ असतो तो नीच कुळात जन्मतो. झालं! त्या प्रवचनकाराने वेगळं काय सांगितलं? तुम्ही सीवक दाखवला, त्याने शुभ वाचला होता. दोन्ही त्याच पिटकात, म्हणजे बुद्धवचनांच्या संग्रहात, आहेत.

निळी_पहाट :
आणि म्हणूनच! म्हणूनच मी म्हणतो हा भाग बुद्धाचा असू शकत नाही. ‘गर्विष्ठ असेल तो नीच कुळात जन्मतो’. हे वाक्य आमच्या आजा-पणजांना वेगवेगळ्या तोंडून ऐकवलं गेलं, तुमचा जन्म हीच तुमची शिक्षा, भोगा. जो बुद्ध वसल सुत्तात सांगतो की जन्माने कुणी वसल, म्हणजे नीच, होत नाही, जन्माने कुणी ब्राह्मण होत नाही, कर्माने होतो, म्हणजे इथल्या, आत्ताच्या वागण्याने, तोच बुद्ध शुभला हे सांगेल? ज्याने उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली की त्यांनी त्याला नमस्कार करावा, त्यांची मान उतरावी, तो? बाबासाहेबांनी कसोटी दिलीये, जे बुद्धिसंगत आहे आणि माणसाच्या कल्याणाचं आहे ते बुद्धाचं. त्यात हे बसत नाही. विषय संपला.

शंकेखोर :
विषय संपला कसा? ही कसोटी म्हणजे आवडेल ते बुद्धाचं आणि नावडेल ते भिक्खूंनी घुसडलेलं. मग उपनिषदप्रेमींनी काय घोडं मारलंय, तेही आवडेल तेवढंच घेतायत.

निळी_पहाट :
तोंड सांभाळून. तुम्हाला हा वाचनालयातला वाद आहे, आमचा जगण्यातला आहे. सगळी वचनं तोंडी चालत आली, लिहून काढली ती श्रीलंकेत, परिनिर्वाणाला चारेकशे वर्षं होऊन गेल्यावर. मधल्या काळात कुणी काही घातलंच नाही अशी तुमची खात्री आहे का? निवड प्रत्येकजण करतो. आम्ही कसोटी उघड सांगून करतो एवढाच फरक.

उपनिषदप्रेमी :
राग येऊ देऊ नका, पण तुमच्या प्रतिज्ञांमध्येच ‘आज माझा नवा जन्म होत आहे असे मी मानतो’ असं आहे ना?

निळी_पहाट :
आहे. अभिमानाने म्हणतो आम्ही ते. आणि तोच आम्ही मानतो तो पुनर्जन्म, मरायच्या आधी घ्यायचा. माझ्या आजोबांनी तो घेतला, गावकीची कामं सोडली आणि पोरांना शाळेत घातलं. तुमचा कुठला आत्मा एवढं करून दाखवतो ते सांगा, नाहीतर प्रतिज्ञांवर बोलू नका.

उपनिषदप्रेमी :
बरं. प्रतिज्ञेचा विषय मी काढायला नको होता हे मान्य. वच्छगोत्तावरचं माझं मत मात्र बदललेलं नाही.

आडवाट :
शंकेखोर, शुभचं सुत्त मी लपवलेलं नाही, ताईंना उत्तर देताना मला सीवक महत्त्वाचा वाटला. पण तुम्ही काढलंत तर नीट बघू. निळी_पहाट म्हणतात तसं ते काढून टाकायची मला गरज वाटत नाही. त्यात प्रत्येक ठिकाणी वाक्य असं येतं की अशा वागण्याने इकडे जातं, हा तिकडे नेणारा मार्ग. तोंड पुढे आहे. पुढ्यात बसलेल्या शुभला सांगितलंय की तू कसं वाग. रोगी माणसाकडे बोट दाखवून हा कोण होता ते ओळख, असं कुठेही सांगितलेलं नाही. उलट अंगुत्तर निकायात चार अचिंतेय्य गोष्टी आहेत, ज्यांचा विचार करत बसू नये, केला तर माणूस वेडाचा आणि त्रासाचा धनी होतो. त्यातली एक म्हणजे कर्मविपाक. कुठल्या कर्माचं कुठलं फळ, याचा हिशोब. म्हणजे पुनर्जन्म शंभर टक्के मानणाऱ्या बौद्धालासुद्धा एका विशिष्ट पोराकडे बघून ‘याने पाय मोडले असतील’ म्हणायचा अधिकार नाही. त्या गृहस्थाला पुनर्जन्म मानतो म्हणून मी दोष देत नाही. त्याने जे मना केलंय तेच केलं, सीवकच्या आठ कारणांमधली सात पुसून टाकली, म्हणून देतो.

शंकेखोर :
अचिंतेय्य हा मुद्दा बरा आहे. तार्किक अडचण त्याने सुटत नाही, आठही नसली तरी निदान एक कारण ‘मागचं कर्म’ उरतंच आणि ते बाळ आणि तो मेलेला माणूस यांच्यातलं अंतर तसंच आहे. पण बोट दाखवायला मनाई आहे हे मान्य करतो. मला वाटलं होतं तुम्ही आता शुभचा अर्थच वेगळा आहे म्हणाल.

निळी_पहाट :
मनाई कागदावर. लोक बोट दाखवतातच. शिकवण अशी हवी की बोट दाखवताच येऊ नये. दार उघडं ठेवायचं आणि आत येऊ नका अशी पाटी लावायची, याने काय होतं ते आम्ही बघितलंय.

आडवाट :
याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच म्हणेन की दार बंद केल्यावर सुद्धा बोट दाखवणारे राहतात, त्यांना दैव सापडतं, नशीब सापडतं, आजकाल तर ‘तुम्हीच नकारात्मक विचार करता म्हणून आजार येतो’ म्हणणारे सापडतात. म्हणून मला सीवक घरोघरी माहीत व्हावा असं वाटतं.

रातराणी :
तुमच्या भांडणात मी विचारलेलं मागे पडलं होतं, पण उत्तर मिळालं तसं. शंकेखोर, तुम्ही शुभचं सांगितलंत याचा राग नाही आला, उलट बरं वाटलं, नाहीतर कधीतरी कुणीतरी ते माझ्या तोंडावर मारलं असतं आणि मी गप्प झाले असते. मला पुनर्जन्म आहे की नाही हे नाही ठरवायचं. थेरीगाथा, म्हणजे भिक्खुणींच्या कविता, मी वाचलीये, त्यात लेकरं गेलेल्या बाया आहेत, किसागोतमी आहे, पटाचारा आहे. किसागोतमी मेलेलं बाळ घेऊन आली तेव्हा बुद्धाने तिला मोहरी आणायला पाठवलं, जिथे कुणी मेलं नाही अशा घरातून. दारोदार फिरून तिला जे कळायचं ते कळलं. बाळ कुठल्या पापाने गेलं ते नाही सांगितलं तिला. मला एवढं पुरेसं आहे. आणि कारकून, तुम्ही त्या साहेबांना ते सुट्टीचं खरंच द्या वाचायला, निनावी ठेवा टेबलावर.

एक मात्र बोलते, इथे सगळे पुरुष बुद्धाने काय म्हटलं ते सांगतायत, बुद्धाला वाढवणाऱ्या मावशीला, महाप्रजापती गोतमीला, संघात यायला किती विनवावं लागलं आणि आल्यावर आठ जादा नियम का लागले, शंभर वर्षांच्या भिक्खुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्खूला नमस्कार करायचा हा त्यातला पहिला, यावर कुणी धागा काढत नाही. काढा कधीतरी. तिथे मी गप्प बसणार नाही.

शंकेखोर :
काढतो. आणि तिथे आडवाट यांनी ‘तोंड पुढे आहे’ असं सांगून सुटायचं नाही.

आडवाट :
नाही सुटत. त्या नियमांचं समर्थन मी करणारही नाही.

निळी_पहाट :
माझं आणि आडवाट दादांचं पुनर्जन्मावर जमणार नाही, ते राहू दे. दुःखवादाच्या पोस्टीला मात्र मी तुमचंच उत्तर पाठवलंय, चार कामांचं आणि दीघजाणूचं, चार सत्यांबद्दल माझ्या शंका आहेत तशा ठेवून. रातराणी ताई, आमच्या विहारात रविवारी वंदना झाली की कुणीतरी काहीतरी वाचतं. या वेळी पाळी माझी आहे. सीवक वाचणार, आणि शंकेखोर यांनी काढलेलं शुभही लगेच त्याच्यानंतर वाचणार, दोन्ही पूर्ण. मग लोकांना विचारणार, आता बोला. म्हातारी माणसं उठून भांडतील हे मला आत्ताच दिसतंय, भांडू देत. आडवाट दादा, सीवकचा मराठी मजकूर तुमच्याकडे टाईप केलेला असेल तर शनिवारपर्यंत पाठवा.